नावानं हाक

मानवी मेंदू ही सृष्टीतली सर्वांत गहन, सर्वांत तेजस्वी आणि सर्वांत गूढ अशी निर्मिती आहे. तिच्यापुढे हिमालय म्हणजे वाळूचा ढीग आणि समुद्र म्हणजे सांडलेलं पाणी. एवढं बोलून डॉक्टरसाहेबांनी टेबलावरची जरीची ओढणी मोठ्या अदबीनं उचलली, आणि खालून फ्लॉवरचा गड्डा निघाला. प्लास्टिकचा मेंदू अहमदाबादहून निघाला होता म्हणे, पण वाटेत कुठल्यातरी गोदामात अडकून पडला होता. तेव्हा सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या भाजीवाल्याकडून ऐन वेळी हा आणवला होता, पानांसकट. हॉलमध्ये आदराची शांतता पसरली. ती मोडत मागच्या रांगेतून लोटू मास्तरांनी खणखणीत आवाजात विचारलं, "फ्लावर कितलाले लिधा, साहेब?"

मास्तरांच्या बायकोनं, शोभाबाईंनी, पदर ओढून घेतला. कुठे ओढावा हे कळेना, म्हणून डोक्यावरून, खांद्यावरून आणि पुन्हा डोक्यावरून. शेजारी दीर गोपाळ बसला होता. त्यानं डोळे मिटले आणि ओठ असे आवळले की जणू भावाच्या तोंडातून निघालेलं वाक्य आपल्या तोंडात परत कोंबता येईल. डॉक्टरसाहेब मात्र कसलेले होते. हसले, भाव सांगितला, शिबिराला शुभेच्छा दिल्या आणि कुठल्याशा उद्घाटनाला निघून गेले. मास्तर म्हणाले, "महाग दिधा," आणि भाव करण्याची ही जागा नव्हे असं कुणी त्यांना सांगितलं नाही, कारण शिबिराचा पहिला धडाच तो होता: वाद घालू नका.

हॉल कापडवाल्यांच्या कुठल्याशा मंडळाचा होता. खाली साड्यांची दुकानं, जिन्यात साड्यांचे गठ्ठे, आणि वर हे शिबिर, डोक्याला मार लागलेल्या माणसांच्या घरच्यांसाठी. पुढच्या रांगांत नर्सबाया आणि कसरत शिकवणारी मुलंमुली बसत. ती सगळं लिहून घेत. मागे घरची माणसं. ती लिहून घेत नसत, कारण त्यांचे दोन्ही हात कुणाला तरी धरून ठेवण्यात गुंतलेले असत. शोभाबाई सगळे रविवार आल्या होत्या. एका वेळी एकच गोष्ट सांगावी. पंखा, टीव्ही आणि पाहुणे एकाच वेळी चालू ठेवू नयेत. "काय खाल?" असं विचारू नये, "पोळी की खिचडी?" असं विचारावं. हे सगळं त्यांना पाठ झालं होतं, आणि त्यांना अधूनमधून असंही वाटायचं, की लग्न करून सुरतेला आलेल्या बाईला हे कुणीतरी तेव्हाच शिकवलं असतं तर बरं झालं असतं.

आज शेवटचा रविवार. आज शिबिर संपायच्या आधी प्रत्येक घरानं एक गोष्ट सांगायची होती, एकच, की आमच्या माणसात हे एवढं बदलायला पाहिजे. त्यावर मग हॉस्पिटलची माणसं पुढचे काही महिने काम करणार होती, घरी येऊन, सराव करून घेऊन, गरज पडली तर गोळी देऊन. "विचार करून सांगा हं," शिबिर घेणाऱ्या हर्षदा मॅडम म्हणाल्या होत्या, "आपण जे धरू ते खरंच होतं बऱ्याचदा." मॅडम वयानं शोभाबाईंच्या लेकीपेक्षा, योगितापेक्षा, थोड्याच मोठ्या, मूळच्या धुळ्याकडच्या, वाढलेल्या सुरतेच्या उधन्यात, मराठी बोलता बोलता गुजरातीत जात आणि परत येत, स्वतःला न कळत. शोभाबाईंना त्यांचं शेवटचं वाक्य आठवडाभर छळत होतं. जे मागू ते मिळत नाही, या गोष्टीची माणसाला सवय असते. तिच्याशी कसं वागायचं हे माहीत असतं. पण जे मागू ते मिळेल म्हटल्यावर काय मागायचं? मजुरीवर घरी आणलेल्या धागा कटिंगच्या साड्या मांडीवर घेऊन बसलं, की कात्री चाले आणि डोक्यात तेच चाले. दोनदा धाग्याऐवजी साडी कापली.

हर्षदा मॅडमनी फ्लॉवर हातात घेतला. "हा पुढचा भाग," त्यांनी कपाळाच्या जागचा तुरा चिमटीत धरला, "हा मेंदूचा वॉचमन. सोसायटीत असतो ना, तसा. कोणाला बाहेर सोडायचं, कोणाला नाही, हे हा ठरवतो. मनात शंभर गोष्टी येतात. वॉचमन नव्वद अडवतो. कपाळाला मार लागला की वॉचमन जखमी. मग काय होतं? आत असेल ते सगळं बाहेर. हसू नये तिथे हसणं. पाहुण्याला जाडा म्हणणं. कपड्याचं भान नाही. बायकोला चारचौघात नावानं हाका मारणं, असं—"

"बराबर!" गोपाळ उभाच राहिला. "मॅडम, हेच! हाच प्रॉब्लेम शे!"

लाइट गेल्यावर यंत्रमागांचा कारखाना एकदम गप्प होतो, तसं शोभाबाईंच्या आत झालं. चालू असताना तो आवाज आवाज वाटत नाही. बंद झाला की कानाला दडे बसतात. ती नावाची हाक म्हणजे लक्षण होतं तर. फ्लॉवरच्या त्या तुऱ्याएवढ्या जागेतला बिघाड. मॅडमनी पुढे आणखी काय काय सांगितलं, पुढच्या रांगेनं ते लिहूनही घेतलं. शोभाबाई मात्र त्या तुऱ्याकडे पाहत राहिल्या. बायकांना फ्लॉवर कुठून मोडायचा ते माहीत असतं; त्यात अळी कुठे बसते तेही. पण आत एखादं नाव बसलेलं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मास्तर म्हणजे शाळेचे मास्तर नव्हेत, मागखात्याचे. बिघडलेला माग दुरुस्त करायचा, कारागिरांना शिव्या घालायच्या आणि शेठला उत्तरं द्यायची, हे मास्तरचं काम. आणि त्या कामात लोटू मास्तरांचा नवागाम-डिंडोलीच्या कारखान्यांत दबदबा होता. मागांच्या खडखडाटावर मात करून बोलायचं म्हणजे दिवसभर ओरडायचं; म्हणून घरी आल्यावर एक शब्द खर्च करायचा नाही असा त्यांचा दंडक असावा. घरात ते पेल्यानं बोलत. पेला फरशीवर एकदा वाजला की पाणी. दोनदा वाजला की भाकर. एकदाच पण जोरात वाजला की मीठ जास्त झालंय. शोभाबाई ही भाषा लवकर शिकल्या. तीत व्याकरण थोडं होतं. माणूस वाईट नव्हता. पीत नव्हता, हात उगारत नव्हता, पगार आणून हातात ठेवत होता. याउपर तक्रार करायची तर ती कोर्टात करावी, आणि कोर्टही विचारील, बाई, मग झालं काय? शोभाबाईंना त्याचं उत्तर कधी सुचलं नाही. काही झालंच नव्हतं. तीच तर अडचण होती. एखाद्या गोष्टीनं दुखतं तेव्हा तिला हात लावून दाखवता येतो. पण जी गोष्ट झालीच नाही तिला हात कुठे लावायचा?

लग्नात नाव घ्यायची वेळ आली होती. अमळनेरजवळच्या त्यांच्या गावात, मांडवात, दोन्हीकडच्या बायका घेरून बसल्या होत्या. शोभाबाईंनी घेतलं, आधी लाजल्या, मग दोन ओळी जुळवून त्यात नाव गुंफून टाकलं, सगळ्या हसल्या. मग नवऱ्याची पाळी. "घ्या नाव, घ्या नाव!" नवरदेव उठला आणि टेम्पो आला की नाही ते बघायला गेला. टेम्पो आला होता. तो परत आला तेव्हा बायका जेवायला बसल्या होत्या. तेव्हापासून शोभाबाई म्हणजे "अवं", योगिता झाल्यावर "योगिताची माय", आणि बहुतेक वेळा नुसता पेला. त्यांचंही काही अडलं नाही. रेशनवाला नाव घेई, बँकेत नाव पुकारत, खालच्या मजल्यावरच्या इंदुबाई "शोभाबाई" म्हणत. नाव कुठे ना कुठे वापरात होतं. अगदीच गंजलं नव्हतं.

मग एका दुपारी धोटा उडाला. आयुष्यभर इकडून तिकडे, तिकडून इकडे निमूट पळणारा मागाचा धोटा, लोखंडी टोकाचा. त्यानं त्या दिवशी वाट सोडली आणि वाकून मागात बघणाऱ्या मास्तरांच्या कपाळावर येऊन आदळला. मास्तर मागे कोसळले ते सिमेंटच्या जमिनीवर. हॉस्पिटलात बरेच दिवस ते नव्हतेच. होती ती नळ्या घातलेली एक लांब वस्तू. शोभाबाई बाहेरच्या बाकावर बसत आणि पेल्याचा आवाज ऐकू येतो का बघत. मग एका सकाळी डोळे उघडले. तिथली गुजराती नर्स वाकली आणि शोभाबाईंकडे बोट करून म्हणाली, "काका, आ कोण छे?" मास्तरांनी बराच वेळ पाहिलं. भिंतीकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, परत पाहिलं. आणि म्हणाले, "शोभा."

शोभाबाईंनी मागे वळून पाहिलं. ही शोभा कोण, कधी येऊन उभी राहिली?

ते आठवून त्यांना आताही हसू आलं, आणि त्याच वेळी खुर्चीवर नीट बसवेना. पाय खाली सोडले, वर घेतले. शेजारी मास्तर समोरच्या खुर्चीच्या पाठीवर बोटांनी ताल धरून बसले होते. त्यांना फार मजा वाटत होती. हल्ली त्यांना सगळ्याची मजा वाटे, आणि मग अचानक सगळ्याचं रडू येई. साबणाच्या जाहिरातीतली आई पाहून ते ढसाढसा रडत. गॅस चालू ठेवून निघून जात. पाहिजे ते पाहिजे त्या वेळी मागत आणि मिळालं नाही तर पोरासारखे रुसत. एकदा लुंगी न नेसता जिन्यापर्यंत गेले होते. शोभाबाईंचा डोळा लागे न लागे तोच त्यांना उठवून विचारत, कारखान्यात का जायचं नाही. हे सोपं होतं असं कुणी म्हणू नये. शोभाबाईंची कंबर गेली होती, झोप गेली होती. या नव्या माणसापेक्षा तो जुना पेला बरा असं त्यांना कैकदा वाटलं होतं, आणि तसं वाटल्याबद्दल त्यांनी स्वतःला माफही केलं होतं.

पण त्या बाजारातून परत येत. नवागामच्या त्या गल्लीत, पानाच्या गादीपाशी वळलं की वरची गॅलरी दिसते. गॅलरीत मास्तर उभे, गजाला धरून. आणि मग, मागांवरून ओरडायची सवय झालेला तो आवाज: "शोभा! शोभा, उनी का वं? मेथी लिधी का?" सगळी गल्ली वर बघे, मग खाली बघे. इंदुबाई दारातून म्हणत, "घ्या, निघाली तुमची जाहिरात. आता भोंगा लावून रिक्षा तेवढी फिरवायची राहिली." योगिता फोनवर म्हणाली होती, "मम्मी, सासूबाई आल्या होत्या तेव्हाही पप्पा असेच ओरडले. मने तो एटली शरम आवे छे!" शोभाबाई म्हणत, आजार आहे गं तो. म्हणत आणि घाईघाईनं जिना चढत, मान खाली घालून, कानापर्यंत तापलेल्या. हे सगळं खरं होतं. फक्त एक गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. इंदुबाईला नाही, योगिताला नाही, देव्हाऱ्यातल्या सप्तशृंगीलाही नाही. पानाच्या गादीपाशी वळलं की त्यांची चाल मंद होई. पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची म्हणून त्या थांबत. पिशवी जड नसे. कधी कधी तर तिच्यात नुसती कोथिंबीर असे.

"आता नाटक करायचं," हर्षदा मॅडम टाळ्या वाजवत म्हणाल्या. "घरच्या माणसानं पेशंट व्हायचं. दुसऱ्या कोणीतरी त्यांच्या घरचं माणूस व्हायचं. म्हणजे आपल्याला दोन्ही बाजू कळतात. शोभाबेन, या. तुम्ही मास्तर व्हा. आणि बन्सीलालकाका, तुम्ही शोभाबेन."

बन्सीलाल रेल्वेतून निवृत्त झालेले. पत्नी कमलबाई बाथरूममध्ये पडल्यापासून एका बाजूनं हसत आणि दुसऱ्या बाजूनं गप्प असत. बन्सीलालांनी बायकोचा हात हळूच तिच्याच मांडीवर ठेवला, खांद्यावरचा पंचा टकलावरून पदरासारखा घेतला आणि लाजत पुढे आले. हॉल हसला. मास्तरांनी शिट्टी मारली.

शोभाबाईंना कळेना काय करायचं. मास्तर व्हा, म्हणजे? त्या खुर्चीवर न बसता जमिनीवर बसल्या. पाठ भिंतीला. एक गुडघा वर, हात त्यावर लोंबता. नजर समोरच्या माणसाच्या थोडी वर, जिथे घड्याळ असतं. आणि बसल्याबरोबर त्यांचं अंग आपोआप जड झालं. मान ताठली, जबडा मिटला. हे कुणी शिकवावं लागलं नाही. जे माणूस वर्षानुवर्षं समोर बसतं ते आपल्या हाडांत कधी उतरतं कळत नाही. बन्सीलाल पुढे वाकून, मॅडमनी शिकवलं होतं तसं, एका वेळी एकच गोष्ट, म्हणाले, "अहो, पोळी खाता की खिचडी?" शोभाबाईंनी पाण्याची बाटली उचलली आणि फरशीवर वाजवली. दोनदा. बन्सीलाल गोंधळले. "अहो, तब्येत बरी आहे ना?" शोभाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. बन्सीलालांनी खोटं खोटं ताट पुढे केलं. शोभाबाईंनी ते एका बोटानं, नुसत्या एका बोटानं, दूर सारलं आणि तोंड भिंतीकडे केलं. हॉलमधलं हसू बारीक होत होत थांबलं.

"वाह!" हर्षदा मॅडमचे डोळे चमकले. "सगळ्यांनी बघितलं? काय अचूक केलंय! बोलणं बंद. चेहऱ्यावर काही नाही. समोरच्या माणसाची दखल नाही. इशाऱ्यानं मागणं. हे सगळं मार लागल्याचं आहे, हे घरच्यांनी मनाला लावून घ्यायचं नसतं." पुढच्या रांगेनं लिहून घेतलं: मनाला लावून घ्यायचं नसतं. "शोभाबेन, हे कधीपासून सुरू झालं?"

शोभाबाई अजून भिंतीकडेच बघत होत्या. "लग्नापासून," त्या म्हणाल्या.

एक नर्स फिसकन हसली आणि हॉल कोसळला. बन्सीलाल पंच्यानं डोळे पुसत हसत होते. शोभाबाईंना आपण काय केलं ते तेव्हा कळलं. आजचे मास्तर करायचे होते. गाणारे, रडणारे, भाव विचारणारे. त्यांच्या डोक्यात ते आलेच नव्हते. मास्तर व्हा म्हटल्यावर आतून एकच मास्तर उठून आला होता. त्या उठायला गेल्या, पण गुडघा धरला होता, उठवेना. आणि तेवढ्यात मागच्या रांगेतून मास्तरांचा आवाज आला, आनंदानं फुटलेला, जत्रेत आपला फोटो सापडल्यासारखा:

"हाऊ त मी शे! गोपाळ, देख! हाऊ त मी शे!"

आणि मग ते उठले. खुर्च्या ढकलत, कुणाच्या पायावर पाय देत पुढे आले. गोपाळ "भाऊ, बठ, भाऊ" करत मागे. मास्तर शोभाबाईंकडे गेले नाहीत. ते पंचा घेतलेल्या बन्सीलालांसमोर उभे राहिले, त्यांच्याकडे फार वेळ बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा साबणाच्या जाहिरातीसारखा वितळायला लागला. "बिचारी," ते म्हणाले. "बिचारीले पानी त द्या कोनी." कुणी दिलं नाही, म्हणून त्यांनीच शोभाबाईंच्या हातातली बाटली घेतली, झाकण उघडून बन्सीलालांच्या पुढे धरली. बन्सीलालांनी मॅडमकडे पाहिलं. वाद घालायचा नव्हता. ते मुकाट्यानं पाणी प्यायले.

चहाच्या सुट्टीत गोपाळनं शोभाबाईंना जिन्यातल्या गठ्ठ्यांपाशी गाठलं. गोपाळही काही वाईट नव्हता. भावानंच त्याला मागावर उभं राहायला शिकवलं होतं, कानफटात मारून. आणि तो मारणारा हात गेल्यापासून तो जरा पोरका झाला होता. "वैनी, झालं ते झालं. पन आता तिकडे नीट सांगा. एवढंच म्हना, भाऊ पहिलासारखा व्हवाले पाह्यजे. बास." आवाज खाली आणून तो म्हणाला, "माझ्या पोरीले बघायला पाहुणे आले तव्हा काय झालं माहिती ना तुम्हाले? सगळ्यांच्या समोर भाऊ म्हने, पोऱ्या चांगला शे, पन कान मोठा शेतस. आता कान मोठे होते, मी नाही कुठे म्हनतो? पन म्हनायचं असतं का ते? शेठबी म्हने, पहिलासारखा झाला तर घेतो कामावर. आणि ते नावानं हाका मारनं..." तो खाली साड्यांच्या दुकानाकडे बघू लागला. "लोक हसतात, वैनी. माझा भाऊ व्हता तो. त्याच्यासमोर कोनी हसायचं नाही."

त्याचंही खरं होतं. सगळ्यांचंच खरं होतं. तिथेच तर कोंडल्यासारखं व्हायचं. शोभाबाईंनी कप ठेवला, परत उचलला. तो रिकामा होता. मॅडम पायऱ्यांवरून येत होत्या, फ्लॉवर बगलेत मारून. शोभाबाई त्यांच्या वाटेत उभ्या राहिल्या. "मॅडम, एक विचारू? तुम्ही म्हणाल्या, वॉचमन गेला की आतलं बाहेर येतं. ते... ते आतलंच असतं का? आधीपासूनचं? की मार लागल्यावर नवीन तयार होतं?"

मॅडम थांबल्या. पुढच्या रांगेला द्यायचं उत्तर त्यांच्या ओठांवर आलं असावं. ते त्यांनी दिलं नाही. "खरं सांगू? कधी आतलं असतं. कधी नुसता बिघाड असतो. बाहेरून नाही सांगता येत." मग फ्लॉवर या बगलेतून त्या बगलेत घेत म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं?"

हा प्रश्न शोभाबाईंना आजवर कुणी विचारला नव्हता. समजा, आतलं होतं. तर मग इतकी वर्षं ते नाव त्या माणसानं कपाळामागे बसवून ठेवलं होतं, वॉचमनच्या धाकात. पेला वाजवताना ते तिथे होतं, भिंतीकडे तोंड करताना तिथे होतं. टेम्पो बघायला गेला तेव्हाही ते तोंडात घेऊनच गेला असेल. या विचारानं त्यांना रागच आला. इतका की हातातला कप त्या गठ्ठ्यावर आपटावासा वाटला. आणि समजा, नुसता बिघाड होता. तर मग आपण कोथिंबिरीची पिशवी घेऊन कशाला थांबतो? मागाचा एखादा धागा तुटतो आणि कापडावर नको तिथे नक्षी उमटते. माग दुरुस्त झाला की ती नक्षी जाते, आणि तिच्यासाठी कुणी रडत बसत नाही. गोळी येईल. सराव होईल. हर्षदा मॅडम घरी येऊन शिकवतील, बाहेर असताना असं नाही म्हणायचं काका, तसं म्हणायचं. वॉचमन खुर्ची टाकून परत बसेल. पानाच्या गादीपाशी वळल्यावर वर गॅलरी असेल, गॅलरीत माणूस असेल, गजाला धरून, गप्प. गल्ली वर बघणार नाही. इंदुबाईला बोलायला काही उरणार नाही. सगळं पहिल्यासारखं.

सगळे परत बसले. मॅडम एकेकाला विचारू लागल्या. बन्सीलाल म्हणाले, कमलनं स्वतःच्या हातानं चमचा धरावा. आणि चमचा म्हणताना त्यांचा आवाज असा झाला की कुणी हसलं नाही. कोसाडहून आलेल्या एका बाईनं सांगितलं, पोरानं मोटारसायकलचं नाव सोडावं. पाळी सरकत मागे येत होती. शेजारची खुर्ची रिकामी होती. मास्तर कधी उठले कळलं नव्हतं. वळून पाहिलं तर ते दाराशी उभे होते, टेबलावरचा फ्लॉवर हातात घेऊन, एक एक तुरा मोडून वास घेत.

"लोटू मास्तरांच्या घरचे?" मॅडम म्हणाल्या.

"पहिल्यासारखा," गोपाळ उभा राहून म्हणाला. "आमचं सगळ्यांचं म्हणणं हेच शे, मॅडम. भाऊ पहिल्यासारखा पाह्यजे."

"पहिल्यासारखं कोणीच होत नाही, गोपाळभाई, ते आपण पहिल्याच रविवारी बोललो. आणि मला शोभाबेनचं ऐकायचंय." मॅडम शोभाबाईंकडे वळल्या. "एकच गोष्ट, शोभाबेन. काय बदलू या?"

शोभाबाई उभ्या राहिल्या. सगळ्या रांगा वळल्या. पुढच्या रांगेतली पेनं वर झाली. गोपाळ त्यांच्या ओठांकडे बघत होता, जणू त्यानं पेरलेलं वाक्य आता उगवणार होतं. त्यांनी तोंड उघडलं. पहिल्यासारखा, हा शब्द अगदी ओठांपर्यंत आला. चांगला, इज्जतीचा शब्द, सगळ्यांना पटणारा. त्याच्या मागे दुसरं काहीतरी होतं, ज्याला शब्दच नव्हता, आणि ते शब्दाला पुढे जाऊ देत नव्हतं. पंखा फिरत होता. खाली कुणीतरी गठ्ठा आपटला. आपल्याही आत एक वॉचमन आहे, शोभाबाईंच्या मनात आलं, आणि तो इतकी वर्षं एक दिवस सुट्टीवर गेलेला नाही.

"शोभा!"

दारातून आलेली ती हाक हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, जिन्यातून उतरून साड्यांच्या दुकानात पोचली असावी, खालून कुणीतरी "कोण छे?" म्हणालं. "शोभा, घर चाल वं! भूक लागनी! भाजी लिधी मी!" मास्तरांनी उरलेला मेंदू डोक्याच्या वर धरून दाखवला.

हॉल हसला. गोपाळनं कपाळाला हात लावला. शोभाबाईंचे कान तापले, पण त्यांनी पदर ओढला नाही. त्यांनी मॅडमकडे पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात, दुकानात सुई मागावी तसं म्हटलं:

"मॅडम, बाकी राहू द्या. ती हाक मारतात ना, ती तेवढी जरा हळू मारायला शिकवा. मी जवळच असते."